विश्लेषण : दोनशे कंपन्यांतून उरल्या तीन… हार्ड डिस्कचा सुकाळ कुणाला महाग पडला?

लॅपटॉपमधून हार्ड डिस्क जवळपास हद्दपार झाली. तिची जागा चिपवर आधारित, वेगवान ‘एसएसडी’ने घेतली. त्यामुळे फिरत्या तबकड्यांचे हे यंत्र आता इतिहासजमा होणार, असे गेली दहा वर्षे बोलले जात होते. प्रत्यक्षात २०२५च्या उत्तरार्धात याच यंत्राची जगभर टंचाई निर्माण झाली. किमती वाढल्या, उत्पादक कंपन्यांचे समभाग उसळले. तरीही नवे कारखाने काढण्याची घाई या कंपन्यांना नाही. ही निव्वळ नफेखोरी आहे, असे म्हणणे सोपे आहे. मात्र या उद्योगाचा चार दशकांचा इतिहास पाहिला, तर त्यांच्या सावधपणामागे कडू अनुभव आहेत हे लक्षात येते. ग्राहकाने आणि नियामकाने सावध राहावे अशी कारणेही त्याच इतिहासात आहेत.

सध्याची टंचाई कशामुळे?

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या (एआय) लाटेमुळे. प्रचंड प्रमाणावर मजकूर, छायाचित्रे, चित्रफिती साठवायच्या तर त्या सगळ्या एसएसडीवर ठेवणे परवडत नाही. दर टेराबाइटमागे हार्ड डिस्क अजूनही कित्येक पटीने स्वस्त पडते. म्हणून मोठ्या क्लाऊड कंपन्यांच्या डेटा सेंटरमधील बहुतांश माहिती आजही हार्ड डिस्कवरच राहते. या कंपन्यांची मागणी एकदम वाढली आणि मोठ्या क्षमतेच्या ड्राइव्हसाठी प्रतीक्षेचा काळ वर्षभरावर गेल्याची नोंद ‘ट्रेंडफोर्स’ या बाजार-संशोधन संस्थेने केली. सीगेट आणि वेस्टर्न डिजिटल या दोन अमेरिकी कंपन्या २०२५मध्ये ‘एस अँड पी ५००’ निर्देशांकातील सर्वाधिक वाढलेल्या समभागांत होत्या.

जगात हार्ड डिस्क बनवणारे आता तीनच उरले आहेत : सीगेट, वेस्टर्न डिजिटल आणि जपानची तोशिबा. पहिल्या दोघांकडे मिळून बाजाराचा सुमारे ८० टक्के हिस्सा आहे. या उद्योगाच्या आयुष्यात एकूण दोनशेहून अधिक कंपन्या येऊन गेल्या. बाकीच्यांचे काय झाले, यात आजच्या टंचाईचे निम्मे उत्तर आहे.

इतक्या कंपन्या आल्या कुठून?

पहिली हार्ड डिस्क आयबीएमने १९५६मध्ये आणली. दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या असलेल्या त्या कपाटाएवढ्या यंत्रात जेमतेम ५० लाख अक्षरे मावत. बराच काळ हा मोठ्या संगणकांचाच धंदा होता. १९८०मध्ये अ‍ॅलन शुगार्ट यांच्या कंपनीने, म्हणजे पुढच्या सीगेटने, ५ मेगाबाइटची छोटी डिस्क बाजारात आणली. तिची किंमत होती सुमारे १५०० डॉलर. वर्षभरात आयबीएमचा पर्सनल कॉम्प्युटर आला आणि अशा छोट्या डिस्कला अमाप मागणी दिसू लागली.

मग जोखीम भांडवलाचा पूर आला. हार्वर्डचे विल्यम साहलमन आणि हॉवर्ड स्टीव्हन्सन या अभ्यासकांनी १९८५मध्ये या पुराचा हिशेब मांडला. १९७७ ते १९८४ या काळात गुंतवणूकदारांनी ४३ डिस्क कंपन्यांमध्ये सुमारे ४० कोटी डॉलर ओतले होते. १९८३च्या मध्याला शेअर बाजारात नोंद असलेल्या अशा बारा कंपन्यांचे मूल्य पाच अब्ज डॉलरच्या पुढे होते. १९८४ संपेपर्यंत ते दीड अब्जाच्याही खाली आले.

या अभ्यासकांचा निष्कर्ष आजही लागू पडतो. एकेका कंपनीची योजना वेगळी काढून पाहिली तर त्यात वेडेपणा नव्हता. बाजार वाढतो आहे, तंत्रज्ञान चांगले आहे, त्यातला थोडासा हिस्सा मिळाला तरी पुरे, असाच प्रत्येकाचा हिशेब होता. मात्र असा ‘थोडासा हिस्सा’ मागणारे चाळीस-पन्नास जण एकाच वेळी उभे राहिले, तर त्यांच्या हिश्शांची बेरीज बाजारापेक्षा मोठी होते. ती बेरीज कुणीच केली नव्हती.

अतिपुरवठा वारंवार का होतो?

गाजराला भाव मिळाला की पुढच्या वर्षी गावातला प्रत्येक जण गाजर लावतो आणि भाव पडतो, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. हार्ड डिस्कचा धंदा तसाच आहे. फक्त इथे माल टिकाऊ असूनही तो साठवून उपयोग नसतो.

याचे पहिले कारण तंत्रज्ञानाचा वेग. तबकडीच्या एका चौरस इंचात किती माहिती मावते, यावर सगळी स्पर्धा चालते. नवे मॉडेल आले की गोदामातील जुन्या मॉडेलची किंमत आठवड्याआठवड्याला घसरते. त्यामुळे माल साचला की तो पडेल त्या भावात विकावा लागतो आणि एकाने भाव पाडले की सगळ्यांना पाडावे लागतात.

दुसरे कारण खर्चाचे. तबकडी मिनिटाला हजारो फेऱ्या घेत असते आणि माहिती लिहिणारे-वाचणारे ‘हेड’ तिच्यावरून काही नॅनोमीटर अंतरावरून तरंगत जाते. इतकी अचूक वस्तू बनवायला धूळमुक्त कारखाने, महागडी यंत्रे आणि मोठे संशोधन लागते. हा खर्च ड्राइव्ह दहा बनवा की दहा लाख, करावाच लागतो. साहजिकच कारखाना पूर्ण क्षमतेने चालवण्याकडे प्रत्येकाचा कल असतो. मागणी घटली तरी उत्पादन लगेच घटत नाही.

तिसरे कारण ग्राहकाचे. पूर्वी काही मोजके संगणक उत्पादक आणि आता काही मोजक्या क्लाऊड कंपन्या बहुतेक माल उचलतात. टंचाईची चाहूल लागली की हे ग्राहक गरजेपेक्षा जास्त, तेही दोन-तीन ठिकाणी मागणी नोंदवून ठेवतात. उत्पादकाला ती खरी मागणी वाटते. क्षमता वाढते. मग ग्राहक आपली गोदामे तपासतो आणि सहा महिने खरेदीच थांबवतो.

खोक्यांत विटा कशा आल्या?

या रेट्यात टिकून राहण्यासाठी काय काय झाले, याचे टोकाचे उदाहरण म्हणजे अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यातील ‘मिनिस्क्राइब’. आयबीएमची मोठी मागणी हातची गेल्यावर ही कंपनी अडचणीत आली. तिला सावरायला नवे प्रमुख आणले गेले. वाढीची उद्दिष्टे दर तिमाहीला गाठलीच पाहिजेत, असा त्यांचा आग्रह होता. बाजार मात्र त्या गतीने वाढत नव्हता. १९८७च्या अखेरीस साठ्याचा हिशेब जुळेना, तेव्हा कर्मचाऱ्यांनी खोक्यांमध्ये डिस्कच्या वजनाच्या विटा भरल्या आणि ती खोकी वितरकांकडे रवाना झाल्याचे दाखवून साठ्यातील तूट झाकली. १९८९मध्ये हे प्रकरण उघड झाले. १९९०च्या सुरुवातीला कंपनी दिवाळखोरीत गेली आणि ‘मॅक्स्टर’ने तिची मालमत्ता विकत घेतली. प्रमुखांना पुढे न्यायालयाने दोषी ठरवले.

एका कंपनीची लबाडी म्हणून हे प्रकरण सोडून देता येईल. पण ज्या उद्योगात वाढ दाखवली नाही तर भांडवल मिळत नाही आणि वाढ केली तर भाव कोसळतात, तिथे खोटी वाढ दाखवण्याचा मोह किती मोठा असतो, हेही त्यातून दिसते.

मुंबई आणि चेन्नईचा यात काय संबंध?

भारतात जन्मलेले उद्योजक जुगी टंडन यांची ‘टंडन कॉर्पोरेशन’ ही एकेकाळी फ्लॉपी ड्राइव्ह बनवणाऱ्या आघाडीच्या कंपन्यांपैकी होती. आयबीएमच्या पहिल्या पर्सनल कॉम्प्युटरमध्ये टंडनच्या फ्लॉपी ड्राइव्ह होत्या. भाव इतके खाली आले की अमेरिकेत उत्पादन परवडेना. त्यामुळे इतरांप्रमाणे टंडननेही आशियाकडे मोर्चा वळवला. अंधेरीच्या सीप्झमध्ये टंडन समूहाचे निर्यातीसाठीचे कारखाने उभे राहिले. ‘मेक इन इंडिया’ हा शब्दही नव्हता, त्या काळातली ही गोष्ट. १९८८मध्ये टंडनचा डिस्क ड्राइव्ह व्यवसाय वेस्टर्न डिजिटलने विकत घेतला.

टंडन यांनी १९९४मध्ये ‘जेटीएस’ या नव्या कंपनीद्वारे पुन्हा प्रयत्न केला. तिचे ड्राइव्ह चेन्नईच्या निर्यात प्रक्रिया क्षेत्रात बनत. १९९८मध्ये ती दिवाळखोरीत गेली. स्वस्त मजुरी, कुशल हात आणि अनुभवी प्रवर्तक हे तिन्ही असूनही भारतातला हा उद्योग टिकला नाही, कारण नेमका त्याच वेळी जगभर पुन्हा अतिपुरवठा झाला होता. १९९७-९८मध्ये आशियाई आर्थिक संकट आणि स्वस्त संगणकांची लाट एकत्र आली. सीगेटसारख्या अग्रणी कंपनीला १० हजार कर्मचारी कमी करावे लागले आणि संस्थापक शुगार्ट यांनाच पदावरून जावे लागले. वेस्टर्न डिजिटल सलग तोट्यात गेली.

दोनशेवरून तीनवर हा उद्योग कसा आला?

आधी कंपन्या बंद पडत, नंतर विकत घेतल्या जाऊ लागल्या. ‘कॉनर पेरिफेरल्स’ने १९८७ या विक्रीच्या पहिल्याच वर्षात ११.३ कोटी डॉलरचा माल विकून विक्रम केला होता. १९९६मध्ये ती सीगेटमध्ये विलीन झाली. २००१मध्ये ‘क्वांटम’चा हार्ड डिस्क व्यवसाय मॅक्स्टरकडे गेला. ज्या आयबीएमने हा उद्योग जन्माला घातला, तिनेच २००२मध्ये दोन अब्ज डॉलरच्या आसपास रक्कम घेऊन तो हिताचीला विकला. २००६मध्ये सीगेटने मॅक्स्टर घेतली, २००९मध्ये फुजित्सूचा व्यवसाय तोशिबाकडे गेला. २०११मध्ये सीगेटने सॅमसंगचा आणि वेस्टर्न डिजिटलने हिताचीचा हार्ड डिस्क व्यवसाय घेण्याचे जाहीर केले. दुसरा व्यवहार २०१२मध्ये पूर्ण झाला आणि तिघेच उरले.

शेवटच्या दोन व्यवहारांची युरोपीय आयोगापुढील कथा नियामकांसाठी बोधप्रद आहे. सीगेटने आपला अर्ज वेस्टर्न डिजिटलच्या एक दिवस आधी दिला. त्यामुळे सीगेटचा व्यवहार तपासताना दुसरा व्यवहार होणारच नाही असे गृहीत धरले गेले आणि त्याला विनाअट मंजुरी मिळाली. वेस्टर्न डिजिटलला मात्र काही मालमत्ता विकण्याची अट घातली गेली. ती तोशिबाने घेतली. चीनने तर हिताचीचा व्यवसाय काही वर्षे वेगळा ठेवायला लावला. तरी शेवटी बाजार तिघांचाच झाला.

कंपन्या घटल्याचा परिणाम काय झाला?

परिणाम पहिल्यांदा दिसला तो थायलंडच्या पुरात. २०११च्या ऑक्टोबरमध्ये बँकॉकच्या उत्तरेकडील औद्योगिक वसाहती पाण्याखाली गेल्या. तेव्हा जगातील सुमारे ४० टक्के हार्ड डिस्क थायलंडमध्ये बनत. वेस्टर्न डिजिटलच्या कारखान्यात पाणी शिरले, डिस्क फिरवणाऱ्या मोटारी बनवणारे कारखानेही बुडाले. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून न्यूयॉर्कपर्यंत काही आठवड्यांत भाव दुपटीच्या घरात गेले. दोन्ही मोठ्या कंपन्यांनी अनेक मॉडेलांची वॉरंटी कमी केली.

पुराच्या त्या वर्षी सीगेटने जवळपास २.९ अब्ज डॉलर निव्वळ नफा कमावला. आदल्या वर्षी तो ५१ कोटी डॉलर होता. कारखान्यात पाणी शिरलेल्या वेस्टर्न डिजिटलचाही नफा दुपटीहून अधिक झाला. भरपूर विकून जे साधले नव्हते, ते कमी विकून साधले. हा धडा या उद्योगाने पाठ करून ठेवला.

याच साखळीत सुट्या भागांचे उत्पादकही मोजके झाले. डिस्कमधील हेडला आधार देणाऱ्या ‘सस्पेन्शन’ या छोट्या भागाच्या किमती २००८ ते २०१६ या काळात संगनमताने ठरवल्याचा गुन्हा जपानच्या ‘एनएचके स्प्रिंग’ने २०१९मध्ये अमेरिकेत कबूल केला आणि २.८५ कोटी डॉलर दंडाची तयारी दाखवली. उत्पादक मोजके झाले की भाव ‘जमवून’ घेण्याची वाट किती जवळ येते, याचा हा कागदोपत्री पुरावा.

मग आता अतिपुरवठ्याचा धोका संपला का?

नाही. २०१०मध्ये जगात सुमारे ६५ कोटी हार्ड डिस्क विकल्या गेल्या. आज तो आकडा वर्षाला १२ कोटींच्या आसपास आहे. नग कमी झाले, पण एकेका नगाची क्षमता ३० टेराबाइटच्या पुढे गेली आणि ग्राहक मूठभर झाले. त्यामुळे तिघे उरूनही चढउतार संपले नाहीत. करोनाकाळात क्लाऊड कंपन्यांनी भरमसाट खरेदी केली आणि २०२२मध्ये ती अचानक थांबवली. सीगेटची वार्षिक विक्री ११.७ अब्ज डॉलरवरून ७.४ अब्ज डॉलरवर आली, कंपनीला ५२.९ कोटी डॉलर तोटा झाला आणि सुमारे तीन हजार जणांच्या नोकऱ्या गेल्या. आज ज्यांच्याकडे वर्षभराची रांग आहे, त्यांच्याकडे तीन वर्षांपूर्वी गिऱ्हाईक नव्हते.

म्हणूनच या कंपन्या आता आधी मागणी पक्की करतात, दीर्घ मुदतीचे करार करतात आणि मगच माल बनवतात. नवी जागा आणि यंत्रे वाढवण्याऐवजी त्याच यंत्रांतून अधिक क्षमतेची डिस्क काढण्यावर त्यांचा भर आहे. ‘टंचाई आहे, कारखाने काढा’ असा सल्ला त्यांना देणाऱ्यांनी १९८४, १९९८ आणि २०२३ ही तीन वर्षे आठवावीत.

दोष कुणाचा आणि भुर्दंड कुणाला?

१९८०च्या भावाने, म्हणजे मेगाबाइटला ३०० डॉलर या दराने, आज एक टेराबाइट साठवायला ३० कोटी डॉलर लागले असते. आज ते काम वीस-पंचवीस डॉलरच्या आसपास होते. फोटो, चित्रपट, बँकेच्या नोंदी, रुग्णालयांचे अहवाल जपणे सामान्यांना परवडू लागले, ते या गळेकापू स्पर्धेमुळे. त्या स्वस्ताईची किंमत भागधारकांनी, बंद पडलेल्या कारखान्यांतील कामगारांनी आणि दिवाळखोर कंपन्यांच्या देणेकऱ्यांनी मोजली. ग्राहकाला मात्र ती फुकट मिळाली असे वाटत राहिले. आता बिल त्याच्याकडे येऊ लागले आहे.

यात सर्वांत आधी मागे ढकलला जातो तो छोटा ग्राहक. क्लाऊड कंपन्या वर्षभराचे उत्पादन आधीच राखून ठेवतात. उरलेल्या मालासाठी महाविद्यालये, छोटी रुग्णालये, चित्रफीत संकलन करणारे स्टुडिओ, अभिलेखागारे यांनी चढ्या भावाने झगडायचे. त्यांच्याकडे ना दीर्घ कराराची ताकद, ना दुसऱ्या पुरवठादाराचा पर्याय. उत्पादकांचा सावधपणा समजण्यासारखा आहे. पण ‘आम्ही होरपळलो आहोत’ हे कारण तिघांच्या बाजाराला कायमचे अभय देऊ शकत नाही. सावधपणा आणि साटेलोटे यांतील रेषा बाहेरून दिसत नाही. ती तपासायची असते आणि ते काम स्पर्धा नियामकांचे आहे, भारतातल्याही.

भारताने काय करावे?

देशात इलेक्ट्रॉनिक्स आणि चिपच्या कारखान्यांसाठी सरकारी अनुदानाची दारे उघडली आहेत, ऐरोली-महापे-रबाळे पट्ट्यात डेटा सेंटर उभी राहत आहेत. अशा वेळी ‘टंचाई असलेली वस्तू आपणच बनवू’ हा मोह होणे साहजिक आहे. मात्र आज मंजूर झालेला कारखाना माल देऊ लागेपर्यंत दोन-तीन वर्षे जातात आणि तोवर टंचाईचे रूपांतर सुकाळात झालेले असते. चेन्नईतील जेटीएसच्या नशिबी नेमके हेच आले. अनुदान द्यायचेच असेल तर ते आजचा भाव पाहून नव्हे, मंदीच्या दोन वर्षांत तग धरण्याची तयारी पाहून द्यायला हवे.

सरकारी खात्यांनी, विद्यापीठांनी आणि सहकारी बँकांनी आपली साठवणूक गरज एकत्र करून टप्प्याटप्प्याने, दीर्घ मुदतीचे करार केले तर छोट्यांनाही मोठ्यांसारखा भाव मिळू शकतो. क्वचितच लागणारी माहिती चुंबकीय टेपवर ठेवणे हा जुना पण आजही वापरात असलेला मार्ग आहे. त्याने तीन कंपन्यांवरचे अवलंबित्वही कमी होते.

मोठा इशारा मात्र एआयमध्ये पैसा ओतणाऱ्यांना आहे. प्रत्येक जण आपला हिस्सा मोजतो आहे, एकूण बेरीज कुणी करत नाही, हे चित्र १९८३चे होते. आजच्या डेटा सेंटरच्या योजनांची बेरीज कुणी केली आहे का, हा प्रश्न हार्ड डिस्कच्या रांगेत उभ्या असलेल्यांनी विचारायला हवा. कारण ही मागणी ओसरली, तर उद्या पुन्हा गोदामे भरतील आणि या वेळी बुडायला कंपन्या तीनच उरल्या आहेत.